चिमणीच्या अकरा ओळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे माझ्या सख्ख्या मेहुण्यांच्या घरात घडलंय. रविवारी, भर दुपारी.

ताई गेली तेव्हा भाची बारा वर्षांची होती. जाण्याआधी ताईने कॉम्प्युटरवर तिच्यासाठी पत्र लिहून ठेवलं. "अठराची झाली की द्या. तोवर तुम्हीही वाचायचं नाही," असं मेहुण्यांना बजावलं.

मेहुण्यांचा जन्म सर्व्हर सांभाळण्यात गेलेला. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे, माऊसला हात नाही. लेकीच्या अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते जुन्या फाइली नावाने शोधून पुसायला बसले. घाईत 'पुसा' आधी लिहिलं, कुठल्या नावाच्या ते नंतर.

मशीन हुकूम डावीकडून वाचतं. नावापर्यंत पोचायच्या आत सगळं साफ, ताईचं पत्रही!

जगाला बॅकअप घ्या म्हणून ओरडणारा माणूस. स्वतःचा बॅकअप नव्हता.

पुसलेलं डिस्कवर काही काळ तसंच पडून असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मशीनला त्या डिस्कवर एकच शब्द शोधायला लावला... 'चिमणे'. ताई लेकीला तेवढंच म्हणायची.

त्यांची एक खोड होती. आधी किती ओळी सापडल्या ते मोजायचं, मग ओळी बघायच्या. ताई चिडवायची, "अहो, मला हाक मारायच्या आधीही मोजता का?"

आकडा आला... ११.

"पोरी, धाव! सापडलं!"

ती धावत आली. तिला दाखवायला त्यांनी पुन्हा मोजलं.

१०.

"बाबा, अकरा म्हणालात ना?"

पुन्हा.

९.

"मशीनचं डोकं फिरलंय," म्हणत ते हट्टाला पेटले. आठ... सात... सहा... पाच... चार... तीन.

भाचीने त्यांचा हात घट्ट धरला. "मोजू नका हो! ओळी दाखवा!"

तीननंतर दोन तरी यायला हव्या होत्या. एकच आली.

'चिमणे, बाबा अजून मोजतायत का गं?'

सहा वर्षांपूर्वी लिहिलेलं पत्र...

दुसरी, शेवटची ओळ आत कुठेतरी होती. पण दर वेळी शोधलं, की एक कमी होत होती; आता शोधलं तर तीही जाणार.

चार वर्षं झाली. कॉम्प्युटर चालूच आहे. शोधायचा हुकूम टाइप केलेला आहे, एंटर कुणी दाबत नाही. भाची नोकरीला दूर गेली. मेहुणे त्या खोलीत पायच ठेवत नाहीत. कुलूप घातलंय, किल्ली माझ्याकडे.

परवा धूळ झटकायला मी कुलूप उघडलं. कीबोर्डवर बोटभर धूळ होती.

फक्त एंटरवर नव्हती...

पडद्यावर ० होता.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, ती ओळ आहे ना अजून?"

"आहे गं," मी म्हणालो.