लिंबाला हात कोण लावणार?

शनिवारी, अमावस्येच्या संध्याकाळी लातूर-मुरुड रस्त्यावर दगडोबा सायकलीसकट चारीत पडलेला सापडला. पाय मोडलेला, शुद्ध हरपलेली. धडक देणारी गाडी थांबलीच नव्हती. मागं राहिला होता एक ठसा, ओल्या काळ्या मातीत उमटलेला, कोऱ्या करकरीत टायरचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लातूरच्या टायर दुकानांत चौकशी करून, पोलीस मुरुडला अमरेशच्या दारात उभे राहिले. पांढरी सेडान दारातच होती. टायरची नक्षी ठशाशी रेघ न् रेघ जुळली. जखमीला तडफडत टाकून पळाला म्हणून कडक कलम लागलं आणि किराणा दुकानदार अमरेश दिवस मावळायच्या आत कोठडीत गेला.

सहायक निरीक्षक तनुजा रजेवरून परतल्या तेव्हा ठाण्याच्या बाकावर अमरेशची आई नीलाबाई बसलेल्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे सुजलेले. त्यांनी रडारड केली नाही. लेक अक्षरा नांदेडच्या दवाखान्यात बाळंत झालीय, भावाची वाट बघायलीय, तिला काय सांगू, एवढंच त्यांनी विचारलं.

तनुजा कोठडीपाशी गेल्या. अमरेश गजांना धरून उभा होता. रात्रभर बसलाच नव्हता म्हणे. भिंती अंगावर येतात, म्हणाला.

"टायर कधी बदलले?"

"शनिवारी दुपारी गाडी वैजनाथशेठच्या दुकानात सोडली न् एसटीनं घरी आलो. रविवारी सकाळी जाऊन आणली."

"शेठ म्हणतात, शनिवारी संध्याकाळीच नेली."

"मग मी काय करू, म्याडम? माझ्या बाजूनं बोलणारी एक आईच हाय."

बिचाऱ्याचं नशीबच उफराटं. भाचीला नांदेडहून आणायचं, जुने टायर पार गुळगुळीत झालेले, म्हणून ह्यानं लातूरची तीन दुकानं पालथी घातली. एकानं स्वस्तातले दाखवले. दुसऱ्यानं वर्षानुवर्षं झिजत नाहीत असे दाखवले, पण ते पावसात घसरतात हे ह्याला ठाऊक होतं. शेवटी उन्हाळ्यात तापून फुटणार नाहीत आणि पावसात रस्ता धरतील असे ऑल सीझन टायर ह्यानं पसंत केले. ती नक्षी लातुरात कुणाकडं नव्हती. वैजनाथनं खास मागवून घेतली. पारखून चांगलं घेतलं आणि तेच अंगाशी आलं. अख्ख्या लातुरात तसा ठसा उमटवणारी गाडी एकच होती.

पंचनामा वाचून तनुजांनी ठशाचा फोटो जवळ घेतला. ठशाच्या मधोमध काहीतरी पिवळं होतं. हे काय, असं त्यांनी हवालदार हरिओमला विचारलं. तो आधी चाचरला, मग म्हणाला की कुणीतरी टाकलेला उतारा असावा. अमावस्या होती, लिंबू होतं.

"पंचनाम्यात का नाही?"

"लेकराबाळाचा माणूस हाय मी, म्याडम. असल्या लिंबाला हात कोण लावणार?"

तनुजा तडक जागेवर गेल्या. दोन दिवस झाले तरी साल तिथंच होती. येणारे-जाणारे, अगदी गुराखीसुद्धा, वळसा घालून गेले होते. तनुजांनी ती उचलली तसा हरिओम दोन पावलं मागं सरला. सालीवर ना कुंकू, ना सुरीची खूण. चेपून फुटलेली, आणि पाठीवर टायरच्या खाचांचे वळ. उतारा लोक तिठ्यावर टाकतात, इथं तर सरळ रस्ता होता.

परतल्यावर त्यांनी ठाण्यात आणलेल्या अमरेशच्या गाडीच्या चाकांवरचे मडगार्ड आतून तपासले. लिंबाच्या बिया वाळून चिकटल्या होत्या. एका नाही, चारही चाकांच्या वर.

मग त्या वैजनाथशेठच्या दुकानात गेल्या. हवेच्या मशीनशेजारी लिंबांची टोपली होती. शेठ तोंडानं गोड माणूस. चहा आलाच.

"नवे टायर बसले की लिंबं ठेवता?"

"हाव. चार चाकाखाली चार. त्याबिगर गाडी दुकानातून हलत न्हाई."

"अमरेशच्या गाडीला ठेवली?"

शेठनं तोंड वाकडं केलं. "ठेवायला गेलो, तर म्हणतो, आमच्याकडं ह्ये चालत न्हाई. खिशातली डबी काढली, टायरला भस्माची बोटं वढली न् गेला. मी म्हणलं, जा बाबा, तुझी मर्जी."

"तुम्ही स्वतः बसाल का अशा गाडीत, लिंबाशिवाय?"

"मरून जाईन, पण न्हाई बसणार."

तनुजांनी कप खाली ठेवला. शेठला ठाण्यात आणलं. ठाण्याचे मोठे साहेब, नीलाबाई, हरिओम सगळे समोर असताना त्यांनी सालीची पिशवी टेबलावर ठेवली आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली.

"दगडोबाला उडवणारी गाडी हीच. पण ती लिंबं चिरडून निघाली होती. अमरेशनं लिंबं ठेवू दिली नाहीत, हे शेठच सांगतात. मग लिंबांवरून गाडी नेली कुणी?"

शेठ गडबडीनं म्हणाले, "माझ्या दारात रोजच लिंबं पडलेली असतात. एखादं चिकटलं असंल."

"एखाद्या चाकाला चिकटलं असतं. इथं चारही चाकांच्या वर बिया आहेत. म्हणजे चार चाकं मांडून ठेवलेल्या चार लिंबांवरून गेली. शनिवारी संध्याकाळी गाडी तुमच्याकडंच होती. ट्रायल मारायच्या नावाखाली तुम्ही ती बाहेर काढली. अमावस्या होती, लिंबं ठेवल्याशिवाय तुमचा पाय उचलेना. रस्त्यात ब्रेक दाबला तशी खाचेत अडकलेली साल सुटून पडली. डबी आणि भस्म खरं होतं, पण रविवार सकाळचं. तेच तुम्ही शनिवारचं म्हणून सांगितलंत."

शेठनं रुमालानं मान पुसली आणि मान खालीच राहिली.

"सासुरवाडीला जायलो होतो," ते पुटपुटले. "जन्मभर दुसऱ्याच्या गाड्यांला टायर बसवले. एकदा सासऱ्याच्या दारात गाडीतून उतरावं वाटलं. तो सायकलवाला मधी आला. उतरून बघायची छाती झाली न्हाई."

"न् माझं लेकरू आत कोंडलं, तवा बरी छाती झाली," नीलाबाई म्हणाल्या. शेठकडं त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

कुलूप निघालं. बाहेर आल्यावर अमरेशनं पहिलं काय विचारलं असेल, तर त्या सायकलवाल्याला शुद्ध आली का. आली होती, पहाटेच. अमरेश पायरीवर बसला आणि आता कुठं रडला.

गाडी तपासासाठी ठाण्यातच राहणार होती. नीलाबाईंनी नांदेडला जायला भाड्याची जीप ठरवली, पुढचं दार उघडून धरलं. अमरेश उघड्या दाराकडं बघत उभाच राहिला.

"आई, एसटीनं जाऊ," तो म्हणाला. "उभ्यानं गेलो तरी चालंल. पण हे दार कुणी लावून घेतलेलं आज मला सोसणार न्हाई."