ताट फिरवायचं राहिलं

"इन्दाय, आधी ताट फिरव. तो निघालाय."

नवरा जहाजावर जायला निघाला तेव्हा सासू असं म्हणाली, आणि मी हसले होते. नानाय, म्हणजे आई, म्हणतो आम्ही तिला; इन्दाय म्हणजे पोरी. आमच्या इलोइलो शहरात जेवण चालू असताना कुणी उठून निघालं, तर मागे राहणाऱ्यांनी आपापलं ताट फिरवायचं. नाहीतर जाणारा सुखरूप राहत नाही.

मी नर्सिंग शिकलेली. मांडीवर माझं तान्हं, तोतो. म्हटलं, "नानाय, ताटं फिरवून जहाजं चालतात होय?"

हे खरं घडलंय. पटवून द्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही.

माझा नवरा रेनांते मालवाहू जहाजावर कुक होता. मार्चमधल्या एका दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा पांढराफटक.

"तातय सिमो गेले." इंजिनरूममधले म्हातारे, सगळे त्यांना तातय, म्हणजे बाबा, म्हणायचे. "जेवताजेवता उठले, म्हणाले बरं वाटत नाही. मी सगळ्यांना म्हटलं, ताटं फिरवा. तर चीफ इंजिनियर म्हणतो, 'कुक, तुझं जेवून माणूस संडासातच जातो, परदेशी नाही.' सगळे हसले. मीपण हसलो."

तातय जिन्यात पडलेले सापडले. बंदर नऊ दिवसांवर होतं. कॅप्टनने त्यांना मासळीच्या शीतखोलीत ठेवायला लावलं. बाहेरून कडी. बंदर येईपर्यंत उघडायची नाही.

"जोवी… आतून कुणीतरी ठोकतंय."

मीही ऐकलं. फोनमधून.

ठक… ठक…

"यंत्राचा आवाज असेल. मेलेल्या शरीरातूनही आवाज येतात, आम्हाला शिकवलंय. कॅप्टनला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाला, दार उघडलंस तर नोकरी गेली समज."

"मग उघडू नकोस."

 तो हळूच म्हणाला, "दाराची आतली मूठ तुटलेली आहे गं."

मी फोन ठेवला. तोतोला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी आवाज थांबला.

बंदरावर दार उघडलं. आत नेताना तातयना फळीवर आडवं ठेवलं होतं.

ते दाराला टेकून बसले होते… बोटांना नखं नव्हती.

रेनांते घरी आला तो कायमचा. चुलीजवळ जात नाही.

त्यानंतरचा तिसरा रविवार. भरदुपार. आम्ही तिघं जेवत होतो, तोतो पाळण्यात. सिनिगांगचं आंबट सार आणि भात.

माझं ताट फिरलं.

हळूच… अर्धा वळसा… भातासकट.

मग रेनांतेचं.

नानायचं जागचं हललं नाही.

जेवणावरून उठून तर कुणीच गेलं नव्हतं.

नानाय आमच्या ताटांकडे बघत राहिली. "राहणाऱ्यांची ताटं फिरतात," ती म्हणाली. "म्हणजे मी निघाले म्हणायचं." आणि शांतपणे भात संपवला.

गुरुवारी ती न्हाणीत गेली. आतून कडी लावलेली. ठक ठक ऐकू येत होतं. मला वाटलं, कपडे आपटतेय.

दार फोडलं तेव्हा ती दाराला टेकून बसली होती.

तेव्हापासून तातय सिमोंसाठी मी रोज एक ताट वाढते. माफी मागते. ते ताट तसंच राहतं.

आज दुपारी पुन्हा…

माझं फिरलं. रेनांतेचं फिरलं.

तोतोची पेजेची वाटी जागच्या जागी.

रेनांतेने घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढून अंगणात टाकलीत. आता या घरात एकही दार नाही. तोतो माझ्या मांडीवर झोपलाय. एक हात त्याच्या छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने हे लिहितेय.

ठक… ठक…

तळहाताखालून येतंय.

हे त्याचं काळीज आहे. मी नर्सिंग शिकलेली आहे, मला कळतं. पण काळीज मध्येच थांबून ऐकत नाही…

तुमच्याकडे आज जेवताजेवता कुणी 'जरा बरं वाटत नाही' म्हणून उठून आत गेलंय का? मग हे वाचत बसू नका. जा. दार उघडून बघा.

कुणाची परवानगी विचारू नका.