मिस्त्रीने धरलेला बीम

शटर अर्धं ओढा रे पोरांनो, आणि बसा. लोखंडी टेकू भाड्याने देण्यात माझी तीस वर्षं गेली. माणूस वजन कसं उचलतो, त्यापेक्षा ते दुसऱ्याच्या अंगावर कसं ढकलतो, हेच जास्त पाहिलं. एक ठेकेदार माझा दोस्त होता. त्याने स्वतः सांगितलेलं सांगतो.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या घराचा तळमजल्यावरचा कॉलम सडला होता. वर ताई, भावजी आणि दोन मुली राहायच्या. ह्याने बीमखाली चार टेकू दिले, कुजलेलं काँक्रीट सळ्यांपर्यंत फोडलं, नव्या सळ्या बांधून भोवती नवं काँक्रीट ओतलं. आता ते पक्कं होईस्तोवर टेकूंना हात लावायचा नाही. पण चौथ्याच दिवशी, मंगळवारी, दुसऱ्या साइटवर त्याला टेकू कमी पडले. माझ्याकडेही शिल्लक नव्हते. मी म्हटलं, घाई करू नकोस, गेल्या वर्षी अशाच घाईत तुझा मिस्त्री छताखाली दबून गेला. तर हसून म्हणतो, तो दारूने आधीच अर्धा गेलेला होता, मी फक्त उरलेला घालवला.

रात्री सव्वा अकराला तो एकटाच तिथे गेला. वर सगळे झोपलेले. तीन टेकू निघाले. चौथा सैल केला, तसा कॉलममधून बारीक आवाज आला. काडी मोडावी तसा.

मागून कुणीतरी म्हणालं, "काढा शेठ. मी धरलंय."

आवाज मिस्त्रीचा.

हात थांबेपर्यंत टेकू निघालाही होता. बीम पडला नाही. अंधारात कुणीतरी धापा टाकत होतं... बराच वेळ.

मग...

"शेठ, हात भरून आले. आता तुम्ही."

ह्याने दोन्ही हात वर केले. बीमला लावले. वजन आलं.

ताईला हाक मारायची होती. कानाशी आवाज आला, "मारा की हाक. श्वास सुटला, की मुली येतील खाली. छतासकट."

त्याने हाक मारली नाही.

सकाळी भावजींनी टेकू परत लावले, तेव्हा कुठे तो सुटला. पण हात खाली येईनात. दवाखान्यात झोपवला, तरी वरच. डॉक्टरांनी सुई दिली. हात चार बोटं खाली आले... आणि घरून फोन. छत खचून मुलींच्या खोलीचं दार चौकटीत अडकलंय, मुली आत.

तो रडत होता. "ताई, दुखतंय गं."

ताईंनी स्वतःच्या हातांनी त्याचे हात पुन्हा वर नेले. घरी दार सुटलं. डॉक्टर दुसरी सुई घेऊन आले, तशा ताई शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या तसेच. आम्हाला दुसरं घर नाही."

अठराव्या दिवशी तो गेला. हात वरच.

नंतर मी तिथे जाऊन आलो. तो उभा होता त्या जागी, जुन्या टणक जमिनीत, दोन पावलं रुतली आहेत. बोटभर खोल. अनवाणी... दहाही बोटं दिसतात.

त्या रात्री तर त्याच्या पायांत बूट होते, ते भावजींनी दवाखान्यात काढले.

ताईंनी त्या पावलांवर पायपुसणं टाकलंय.