दादांचा व्हॉल्व्ह

ही गोष्ट खरी आहे. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. रविवारची भर दुपार, जेवणं नुकतीच आटोपलेली. भुतं वेळ बघून येतात ही आपली समजूत. भुतांना कोणी विचारलेलं नाही.

जागा घरामागची दुरुस्तीची खोली. लांब टेबल, रेडिओंचे उघडे सांगाडे, एकच खिडकी. खोली सासऱ्यांची. त्यांना सगळे दादा म्हणत. ते गेले आणि जावई त्यांच्या खुर्चीत बसला. शेजारी म्हणत, खुर्ची गार होईपर्यंत तरी थांबायचं.

टेबलावर दादांनी बनवलेला जुना पॉवर सप्लाय होता. त्यात काचेचा एक व्हॉल्व्ह, आत जरासा वायू भरलेला. लाईन कितीही उसळो, जादा करंट हा स्वतः गिळायचा, जांभळा पेटायचा आणि पुढे दीडशेच व्होल्ट जाऊ द्यायचा. पुढच्या यंत्राने जास्त ओढलं, की हा मंद. थोरल्या सुनेचं काम. जादाचं सगळं आपण गिळायचं, पुढे कुणाला कळू द्यायचं नाही.

आणि करंटची वाट त्याच्या बुडातूनच जायची, म्हणून हा उपसला की पुढचा करंटही तुटायचा. त्यामुळे दादा स्विचला हात लावत नसत. व्हॉल्व्ह उपसायचा, खिशात टाकायचा, आत हात घालायचा. जन्मभराची सवय.

दादा असतानाच एकदा त्याची खोबण सैल झाली. जावयाने खालून तारेचा तुकडा लावून खोबणीची दोन टोकं जोडून टाकली. आता व्हॉल्व्ह असो वा नसो, करंट चालूच.

तात्पुरतं, म्हणाला. स्वतःशीच. दादांना सांगायचं राहिलं.

दादांनी व्हॉल्व्ह उपसला. आत हात घातला...

माणसं जमायच्या आत जावयाने तार काढून गटारात टाकली. "व्हॉल्व्ह दादांच्या खिशात होता," तो प्रत्येकाला सांगत राहिला. "म्हणजे करंट नव्हताच. हार्ट अटॅक." बायकोलाही हेच सांगितलं.

त्या रविवारी सप्लाय न्यायला गिऱ्हाईक यायचं होतं. जावयाने तपासायला चालू केला.

व्हॉल्व्ह जांभळा पेटला. मीटरचा काटा दीडशेवर. ठीक.

मग उजेड हळूहळू... मंद झाला.

म्हणजे पुढे कोणीतरी करंट ओढत होतं.

पुढे काहीच जोडलेलं नव्हतं.

त्याने व्हॉल्व्ह उपसला. आता काटा पडायला हवा.

काटा चढला. दीडशे... दोनशे... अडीचशे.

आणि मुठीतला व्हॉल्व्ह तसाच जांभळा.

त्याने वाकून खाली पाहिलं. दोन टोकांमध्ये तार होती. तीच. त्याच्याच हाताने सोल्डरचे गबाळे डाग दिलेली.

"का थांबलात?"

दारात बायको. हातात चहाचा कप.

"दादा तर लगेच हात घालायचे."

"आत करंट आहे."

"असं कसं? व्हॉल्व्ह तुमच्या मुठीत आहे. म्हणजे करंट नाही. गावभर तुम्हीच सांगितलंत ना?"

त्याने मोकळा हात मागे घेतला.

"मग घाला हात."

ती ओरडली नाही. तिने कप टेबलावर ठेवला, वर बशी झाकली. हात घातल्यावर चहाला वेळ लागेल, अशा बेताने.

"तार होती," तो म्हणाला. "मी लावली होती."

त्याच क्षणी मुठीतला उजेड गेला. काटा शून्यावर आला. त्याने पुन्हा वाकून पाहिलं.

तार नव्हती.

"चहा घ्या," बायको म्हणाली. "गार होईल."

ती माहेरी गेली नाही. माहेर हेच होतं. भांडलीही नाही. तारेचं तिला कसं कळलं, ते त्याने विचारलं नाही.

व्हॉल्व्ह आता तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलाय, मिठाच्या बरणीशेजारी. कशालाच जोडलेला नाही.

ती वाढताना गप्प झाली की तो जांभळा पेटतो, तिचं जादाचं गिळत असल्यासारखा.

पेटलेला असला की जावई निदान जेवू शकतो. पण अलीकडे व्हॉल्व्ह जेवणाच्या मध्येच मंद होतो...

आणि घास घेणाऱ्या उजव्या हाताला बोटांपासून मुंग्या यायला लागतात.

काल त्या कोपरापर्यंत आल्या होत्या.