गाडी भरेपर्यंतच्या रेषा

शहाद्याच्या स्टँडवर धडगावची जीप शीटं भरल्याशिवाय हलत नाही. कधी चहा होईल एवढा वेळ लागतो, कधी अख्खं जेवण होईल एवढा! धडगावच्या कृषी कार्यालयात नोकरीला लागल्यापासून हेमांगीनं त्यावर एक तोडगा काढला होता. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कोरा कागद आणि हातात काळं पेन. समोर दिसेल ते काढायचं... हातगाडी, झोपलेला कुत्रा, ड्रायव्हर लोटनभाऊंची मिशी.

त्या सकाळी ती मिशीतच गुंतली होती. तेवढ्यात शेजारी कुणीतरी अंग चोरून बसलं, त्याचं कोपर लागलं आणि मिशी थेट कानापर्यंत गेली.

"सॉरी, सॉरी!" तो म्हणाला. मग कागदाकडे बघतच राहिला. "पण खरं सांगू? अख्ख्या चित्रात हीच एक रेष धीट आहे."

अगं बाई! एक तर चित्र बिघडवायचं, वर शहाणपणा! हेमांगी चांगली रागावणार होती. पण त्याच्या डोळ्यांत असं काही निर्मळ हसू होतं, की रागवायचं राहूनच गेलं.

तो धीरज. नंदुरबारचा, धडगावजवळच्या आश्रमशाळेत तासिकेवर चित्रकला शिकवणारा.

"बाकीच्या रेषांना काय झालंय?" तिनं विचारलं.

"केसाळ झाल्यात. तुम्ही एक रेष काढत नाही, दहा बारीक बारीक काढता. जरा पुढे, जरा मागे... पेनाचं खोडता येत नाही म्हणून घाबरता ना?"

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती त्याच्यासाठी शेजारची जागा धरून बसली होती!

मग रोजच शिकवणी सुरू झाली. आधी पेन हवेतच फिरवून वाट बघून घ्यायची. नजर निबेवर ठेवायची नाही, जिथे पोचायचंय तिथे ठेवायची. आणि हात मनगटातून नाही, खांद्यापासून हलवायचा.

"जीपमध्ये खांदा हलवायला जागा कुठंय, सर?"

"म्हणून तर मी एवढा आकसून बसतो!"

एकदा सावली काढताना तिनं पेन दाबून दाबून कागद फाडला. "दाबायचं नसतं," तो म्हणाला. "गडद हवं तर रेषा जवळ जवळ आणायच्या."

"किती जवळ?"

"इतक्या..." तो बोलता बोलता थांबला. सीटवर दोघांचे हात शेजारी शेजारी होते, मध्ये एखादी रेष मावेल एवढीच जागा. दोघांनीही ती पाहिली आणि दोघंही खिडकीबाहेर बघू लागले.

त्यानं केळीचं पान काढलं, तेव्हा मात्र ती पोट धरून हसली. "अहो, केळीच्या शिरांना असे फाटे कुठे फुटतात? तापीकाठच्या गुजरांची मुलगी आहे मी, केळीतच वाढले. मधल्या दांड्यापासून सरळ काठापर्यंत जातात त्या."

"मग मास्तर कोण?"

"केळीपुरती मी!"

घाट लागला की पेन बंद करावं लागे. मग मोहाचा गोड, जडसर वास आत येई, वळणावर खांदा खांद्याला टेके आणि हेमांगीला वाटे, हा रस्ता संपूच नये. तिचं प्रेम बसलं होतं. आता यात लपवण्यासारखं काय राहिलंय?

आणि फाल्गुनात एका संध्याकाळी तो म्हणाला, "सुरतेत साड्यांच्या डिझाइनचं काम मिळालंय. उद्याचा शेवटचा दिवस."

"अभिनंदन," ती म्हणाली.

घरी जाताना तिनं ठरवलं, उद्या जीप भरेपर्यंत सगळं सांगून टाकायचं. शब्दसुद्धा जुळवले. फक्त एक गोष्ट विसरली, होळी तोंडावर आली होती!

सकाळी स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. गुजरातेत मजुरीला गेलेली माणसं ढोल, गाठोडी, पोरंबाळं घेऊन डोंगरात परतत होती. कुणी धडगावला, कुणी थेट काठी गावच्या होळीला. जीप उभी राहायच्या आतच भरली.

"बठा, बठा! आज थांबनं नही!" लोटनभाऊ ओरडले. इंजिन सुरू झालं.

आता सांगायचं कधी? धीरजच्या शेजारी बसलेली हेमांगी दाराकडे सरकली. "लोटनभाऊ, थांबा! माले उतरनं शे!"

ती उतरली मात्र, तिची जागा भरलीसुद्धा. धीरज आत, ती बाहेर. हे काय करून बसलो आपण! तिला रडूच फुटणार होतं, तेवढ्यात आतून आवाज आला, "मी बी उतरस!"

"हाई गाडी शे का झोका?" लोटनभाऊ वैतागले आणि निघून गेले.

"काय झालं? बरं वाटत नाही का?" धीरजनं घाबरून विचारलं.

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ऑफिसातली मराठीही कुठल्या कुठे पळाली, तोंडात आली ती स्टँडवरची अहिराणी.

"तू माले आवडस," ती म्हणाली.

तो एक पाऊल जवळ आला. मग हळूच म्हणाला, "इतला दिन काबर थांबनी? मी तर पहिलाच दिनपाईन..."

"मंग बोलना काबर नही? दुसरासले शिकाडस, अन् सोता भिस!"

दोघंही हसले. मग त्यानं विचारलं, "सुरतले नको जाऊ?"

"जा. पन पहिले मन्हा घर ये. मन्हा बापले भेट."

धीरजचं हसू मावळलं. तो गुजर नव्हता. तिच्या घरात आजवर कुणी जातीबाहेर लग्न केलं नव्हतं. "काय म्हनतीन तुन्हा बाबा?"

"पहिले चहा पाजतीन. मंग चिडतीन." तिनं पुठ्ठा काखेत मारला. "चिडू दे. मी शे ना."

"कवय येऊ?"

"आज. आतेच."

स्टँडच्या पलीकडे तिच्या गावाची, तापीकाठच्या प्रकाशा गावाला जाणारी जीप उभी होती, अगदी रिकामी. ड्रायव्हरनं जांभई दिली. "भराले येळ लागी, ताई."

"लागू द्या," हेमांगी म्हणाली आणि सरकून धीरजला जागा करून दिली.