ओष्ठदीप

“आजपासून चांद्रनगरीत चुंबनातून पसरणाऱ्या रोगांचा इतिहास संपला!” मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. वझलवार यांनी हात उंचावून जाहीर केलं. नेमकं त्याच वेळी मागे, बारशाच्या पाळण्याशी, तेरा दिवसांच्या बाळाचा लंगोट बदलणं चाललं होतं. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. धार थेट डॉक्टरांच्या चष्म्यापर्यंत पोचली.

सगळे हसले, शाल्मली सोडून. ती बाळाची आत्या. कानात कुर्र करून नाव सांगायचा मान तिचा. नगरीतली एकमेव विषाणूतज्ज्ञही तीच. आणि दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या ओठावर हर्पिसची पुळी उठली होती.

“तुम्ही दाराबाहेर, शाल्मलीबाई,” डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले.

“खपली पडून चार दिवस झाले.”

“तरी धोका तुमचाच. माझे ओठ बघा, आरसा! जन्मात पुळी नाही.”

“पुळी नाही म्हणजे विषाणू नाही, असं कुणी सांगितलं? तो कानाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दडून राहतो. शीण झाला, ताप आला की ओठांवर उतरतो. कधी पुळी येते, कधी काहीच दिसत नाही, तरी लाळेतून बाहेर पडतो. बहुतेकांना तो लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेला असतो.”

“मग एवढं काय त्याचं?”

“मोठ्यांना पुळी, डॉक्टर. एवढ्याशा बाळाच्या मेंदूत शिरला, तर बाळ हातचं जातं.”

बाळाच्या आईने, केयावहिनीने, त्याला छातीशी घट्ट धरलं. “ताई, मग ओळखायचं कसं?”

शाल्मलीने स्वतः घडवलेला ओष्ठदीप काढला. विषाणू असेल तिथे या दिव्याचा उजेड जांभळा पडे. आधी तिने तो स्वतःच्या ओठांवर धरला. श्वास रोखला. काही नाही. मग एकेक पाहुणा झाला. कुणाचेच ओठ जांभळे नाहीत.

“आता तुम्ही.”

“अहो, मी प्रमुख आहे!”

“दिव्याला हुद्दा कळत नाही.”

डॉक्टरांचे ओठ पिकल्या जांभळासारखे झळकले.

“बाळाचा पापा घेतलात?” शाल्मलीचा आवाज चिरका झाला.

“सकाळी, तपासताना... एकच. तळपायाचा.”

दिवा पायावर आला. डावा मोजा जांभळा! शाल्मलीने हातमोजे चढवले आणि मोजा हळूच उतरवला. इवल्या पायाने बोटं फाकवून झटका दिला. त्यावर जांभळा ठिपका नाही. तोंड, डोळे, मुठी... कुठेच नाही.

“मोज्यावरूनच घेतला होता हो,” डॉक्टर पुटपुटले.

“तरी नमुने घ्यायचे, आणि महिनाभर डोळ्यांत तेल घालून बघायचं. कुणी पापा घ्यायचा नाही. मीसुद्धा नाही. दिवा फक्त आत्ताचं सांगतो.”

डॉक्टरांची रवानगी काचेपलीकडे झाली. शाल्मलीने मुखपट्टी बांधली, हातभर अंतरावरून कुर्र केलं, “निहार” म्हणाली, आणि बायकांनी तिच्या पाठीत रीतसर धपाटे घातले.

तेवढ्यात काचेपलीकडच्या डॉक्टरांचा आवाज भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून खरखरला.

“शाल्मलीबाई, थोड्या घुगऱ्या पाठवता का? वेगळ्या वाटीत चालतील.”