ताडपत्रीवरची कोरडी जागा

त्या दिवशी आम्ही चर्चची माणसं वादळ झालेल्या वस्तीत ताडपत्र्या बांधत फिरत होतो. मी धंद्यानं वायरमन, पण तिथे वीजच नव्हती, म्हणून शिडीवर चढायचं काम माझ्याकडे. सोबत आमचे पाळक आणि माझा मेहुणा. मेहुण्याच्या पोटामुळे सगळे त्याला ढोल म्हणायचे. "मी शिडी धरतो, मी चढलो तर उरलेलं घरही जाईल," असं तो प्रत्येक दारात सांगायचा आणि रडून थकलेली माणसंसुद्धा हसायची.

गल्लीतल्या शेवटच्या घरात मात्र कोणी हसलं नाही.

वादळाची सोंड त्या घरावरून गेली होती. भिंती शाबूत, छप्पर गायब. ते धरून ठेवायला गेलेला घरधनीही त्याच्याबरोबर वर ओढला गेला, तो सापडलाच नव्हता. बायको शाळेत शिकवायची. आतल्या खोलीत पलंगावर तिची लहान मुलगी तापानं फणफणलेली. वर उघडं आभाळ, आणि ते भरून येत होतं.

"बाकी सगळं झाका," बाई म्हणाल्या, "या खोलीवर नको."

"अहो ताई, पोरगी भिजेल," पाळक म्हणाले.

बाईंनी आवाज अगदी खाली आणला. "ते वर आहेत अजून... रोज थोडे खाली येतात. आधी नुसता खोकला यायचा. आज सकाळी मला हाक मारली..."

दुःखानं माणसाला काय काय ऐकू येतं, हे पाळकांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्यांनी बाईंना समजावून बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मला खूण केली. मी पट्ट्या ठोकून ताडपत्री ताणून बांधली. खाली उतरलो तेव्हा खोलीत निळसर अंधार झाला होता. ओल्या चुन्याचा वास कोंडला होता.

पाऊस सुरू झाला. ताडपत्रीवर ताशासारखा वाजू लागला. ढोलानं वर बोट दाखवलं. "भावजी... तिथे का वाजत नाही?"

पलंगाच्या बरोबर वर माणसाच्या लांबीची एक जागा गप्प होती. तिथे थेंबच पडत नव्हते. ताडपत्री तिथे खाली झुकली होती, वर कोणी पालथं पडून कान लावावा तशी.

मग खोकला आला.

बाई धावत आत आल्या. हातात सुरी. पलंगावर चढून त्यांनी हात उंचावला. वरून हाक आली, हळू, लाडाची. नवरा घरात ज्या नावानं हाक मारी, तेच नाव असणार. बाईंचा चेहरा पाहून मला कळलं.

"आले... आले हो..."

मुलीनं डोळे उघडले आणि आईचा पदर घट्ट धरला. "आई, कापू नकोस. ते बाबा नाहीत."

"असं काय बोलतेस गं..."

"बाबा आधी मला हाक मारतात."

वरचा खोकला थांबला. ताडपत्री आणखी वीतभर खाली आली. मी सुरी हिसकावली, ढोलानं मुलीला खांद्यावर टाकलं, पाळकांनी बाईंना अक्षरशः ओढत आमच्या टेम्पोत बसवलं. बाई वाटभर मला शिव्याशाप देत होत्या. "माझा माणूस तुम्ही वर सोडलात!" मी मान वर केली नाही. खरंच सोडला असेल तर?

पुढच्या आठवड्यात बाईंचा नवरा सापडला. जिवंत! दूरच्या इस्पितळात, डोक्याला मार, पाय मोडलेला. इतके दिवस शुद्ध नव्हती म्हणून कोण कुठला ते कोणाला कळलं नव्हतं. बाईंनी माझे हात धरले आणि त्या खूप रडल्या.

आम्ही त्याला भेटायला गेलो. मुलगी त्याच्या कुशीत झोपली होती. वादळाचं काही आठवतं का, असं पाळकांनी विचारलं.

"थोडं," तो म्हणाला. "वर फार शांत होतं. आणि मी एकटा नव्हतो... शेजारी कोणीतरी होतं. सारखं विचारत होतं, घरात कोण कोण असतं? त्यांना काय म्हणून हाक मारतोस?"

"मग? काय सांगितलंत?" ढोलानं विचारलं.

"आधी फक्त बायकोचं नाव सांगितलं. मग शेवटी..." त्यानं झोपलेल्या मुलीच्या कानांवर अलगद हात ठेवले, आणि मान हलवून आम्हाला गप्प राहायला सांगितलं.